सायप्रिनसच्या मागे बारा महिने

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच दिलं आहे, थोडं सावरून.)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. वाटचाल फारशी नाही. गेलो, नोकरी केली, घराचं कर्ज फेडलं, केस गेले. एवढ्यात ती संपते, आणि मला वीस मिनिटं दिली आहेत. म्हणून काल रात्री जेवताना मी विषय बदलून मागितला. "बोल काहीही, पण वेळेत बस," असं उत्तर मिळालं. तेव्हा मी मासे धरण्याबद्दल बोलणार आहे. शाकाहारी मंडळींनी उठून जाऊ नये. या भाषणात एकही मासा मरत नाही.

मासा कोणता ते आधी सांगतो. तिकडे त्याला कॉमन कार्प म्हणतात. आपल्या बाजारात तो 'सायप्रिनस' म्हणून मिळतो. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द आपल्या मासेवाल्यांनी इतका सहज उचलला की तो मराठीच वाटतो. जीवशास्त्राच्या बाईंना हे ऐकून बरं वाटेल. रोहू, कटला, मृगळ यांच्याच कुळातला हा. अंगावर रुपयाएवढे सोनेरी खवले, तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार मिशा, आणि तोंड पुढे काढून नळीसारखं करता येतं. तोंडात दात नाहीत. दात घशात असतात, तिथे तो शिंपलेसुद्धा फोडतो. तो इथलाही नाही आणि तिथलाही नाही. आपल्याकडे १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली. अमेरिकेत त्याला सरकारनंच मोठ्या हौसेनं नेलं. १८७७ मध्ये जर्मनीहून ३४५ मासे आणून बाल्टिमोरच्या एका बागेतल्या तळ्यात सोडले. पुढे खासदार लोक आपापल्या मतदारसंघासाठी कार्पची पिल्लं मागून घ्यायचे, आपल्याकडे कूपनलिका मागतात तशी. वीस-पंचवीस वर्षांत हौस फिटली. मासा सगळीकडे पसरला, पाणी गढूळ करतो म्हणून बदनाम झाला, आणि तेव्हापासून तिथे त्याला कचरा मासा म्हणतात. काही लोक तो गळाला लागला तर परत पाण्यात न टाकता काठावर तसाच तडफडत ठेवून जातात. हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता मी याच्या नादी कसा लागलो ते.

मी डेन्व्हरला राहतो. समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, पश्चिमेला रॉकी पर्वत. तिथून मोटारीनं दोन तासांवर थंड, काचेसारख्या पाण्याच्या नद्या आहेत आणि त्यांत ट्राउट नावाचा नाजूक, ठिपकेदार मासा आहे. तिकडचे साहेब लोक त्याच्या मागे जातात. शहराच्या मधून साउथ प्लॅट नावाची नदी वाहते. तिच्याकडे मात्र फार काळ कुणी बघत नव्हतं. १९६५ मध्ये तिला मोठा पूर आला, निम्मं गाव धुतलं, मग वर धरण बांधलं, आणि हळूहळू काठ साफ करून बागा केल्या. चेरी क्रीक नावाचा ओढा जिथे साउथ प्लॅटला मिळतो, तिथे १८५८ मध्ये सोनं शोधणाऱ्यांनी तळ ठोकला आणि डेन्व्हर वसलं. त्या जागेचं नाव कॉन्फ्लुअन्स पार्क. मराठीत संगम. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा हसलो. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात असा संगम ज्यानं रोज पाहिलाय, त्याला ओढा नदीला मिळतो याचं काय कौतुक!

२००९ च्या एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. तेव्हा तिकडे हजारो लोकांची गेली, त्यात माझी. पण मी ते घरी सांगितलं नाही. अकरा दिवस सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो आणि त्या संगमावर जाऊन बसायचो. बारा वाजता डबा खायचा, पाचला परत. बायको विचारायची, आज भाजी कशी झाली होती? मी म्हणायचो, छान. आपल्या वर्गातले निम्मे लोक शिक्षक आणि बँकेत आहेत, त्यांना कदाचित हे चमत्कारिक वाटेल. पण गावात ज्याचा सत्कार झालाय, ज्याच्या नावानं शाळेत पेढे वाटलेत, त्या माणसाला "मला काढून टाकलं" हे तीन शब्द उच्चारता येत नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, काठालगत गुडघाभर पाण्यात मला एक शेपूट दिसलं. पाण्याबाहेर चार बोटं, संथ हलणारं. त्याखाली मातीचा ढग. मासा डोकं खाली करून तळ उकरत होता. आणि माझ्या कानात स्पष्ट आवाज आला, "मासा बघू नगंस मर्दा, सावली बघ."

तो आवाज कुणाचा, ते तुमच्यातल्या काही जणांना कळलं असेल. त्याच्याकडे मी येतोच.

तिथेच एक म्हातारे गृहस्थ लांब काठी घेऊन उभे होते. निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर त्याच भागात टपाल वाटलेलं. त्यांनी मला त्या दिवशी नावगाव, नोकरी काही विचारलं नाही. "उजवीकडे अजून दोन आहेत, हलू नकोस," एवढंच म्हणाले. पुढे चार वर्षं आम्ही बरोबर मासे धरले.

ही जी पद्धत आहे तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. पण माशी खरी नसते. गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा. आपल्या गळाला शिसं बांधलेलं असतं, त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. इथे उलटं. किड्याला वजन जवळजवळ नसतंच, वजन दोरीला असतं. जाड, गुळगुळीत दोरी डोक्यावरून मागे-पुढे फिरवून चाबकासारखी उलगडायची; तिच्या टोकाला नऊ ते बारा फुटांचा पारदर्शक तंगूस, आणि त्याच्या टोकाला किडा. चांगला टाकणारा तो पाण्यावर पानासारखा उतरवतो. मी पहिला महिनाभर स्वतःची टोपी धरली.

आणि कार्प हा काही भोळा मासा नाही. त्याच्या पोटातली हवेची पिशवी हाडांच्या बारीक साखळीनं कानाला जोडलेली असते, त्यामुळे तुमच्या बुटाखालचा खडा सरकला तरी त्याला कळतं. एक बिथरला की शेजारचे सगळे बिथरतात. म्हणून तिथे धावून उपयोग नाही. ओणवं होऊन, बगळ्यासारखं एकेक पाऊल टाकत जायचं. खोटा किडा माशाच्या पलीकडे टाकायचा, पाण्याच्या वरच्या थरातून ओढत आणायचा आणि बरोबर त्याच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर तळाला सोडायचा. मग काही करायचं नाही. खरी गंमत इथून पुढे आहे. मासा किडा घेतो तेव्हा हाताला काहीसुद्धा जाणवत नाही. तो तोंडाची नळी करून ओढतो, चव घेतो, आणि खोटं आहे कळलं की क्षणात थुंकतो. एवढ्या वेळात तुम्ही ओळखायचं. कशावरून? डोकं किंचित कललं. कल्ले एकदम फुलले. तोंडाशी पांढरं काहीतरी चमकलं. गढूळ पाण्यात तेही दिसत नाही, नुसती सावली अर्धा इंच पुढे सरकते. तेव्हा काठी उचलायची. आठ-दहा पौंडांचा मासा मग जो सुटतो तो रिळातली सगळी दोरी घेऊन पुलाखालून पलीकडे जातो, आणि सायकलवरून जाणारे लोक थांबून बघतात.

अकराव्या दिवशी मला पहिला मासा लागला. पोस्टमननी जाळीत घेतला. मी हात ओले करून त्याला पाण्यातच धरला, गळ काढला, आणि सोडला. संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अकरा दिवस पोळ्या कुणाला घातल्यास?" मी म्हटलं, मीच खाल्ल्या. मग रडली. रागानं की कशानं, ते मी अजून विचारलेलं नाही. मला नवी नोकरी सात महिन्यांनी लागली, पगार कमी होता.

तेव्हापासून आमच्या घरचं कॅलेंडर कार्पच्या हिशेबानं चालतं. तिकडे मासेमारीचा नवा परवाना १ मार्चला सुरू होतो, म्हणजे आमचा गुढीपाडवा तो. पण मार्चमध्ये पाणी फार गार. मासे खोल डोहात थिजल्यासारखे. दुपारी बारा ते तीन ऊन पडलं तर एखादा उथळ जागी पाठ शेकायला येतो. खायच्या मनःस्थितीत नसतो. एप्रिलअखेर तो जागा होतो. मे महिन्यात डोंगरातला बर्फ वितळून नदी चहासारखी होते, तेव्हा आम्ही तळ्यांकडे वळतो. याच सुमारास त्यांची वीण असते. चार-पाच नर एका मादीच्या मागे, गवतात नुसता धिंगाणा, पाणी उसळतंय, लांबूनही आवाज येतो. त्या वेळी त्यांच्यावर गळ टाकायचा नाही. लेखी नियम नसला तरी आमच्यात कुणी टाकत नाही.

जूनचं मात्र सांगायलाच हवं. नदीकाठी कॉटनवुड नावाची झाडं आहेत, आपल्या सावरीसारखी त्यांची म्हातारी उडते. दोन-तीन आठवडे सगळ्या हवेत कापूस. शिंकून शिंकून जीव जातो. हा कापूस पाण्यावर पडून भोवऱ्यात गोळा होतो, त्यात बिया असतात, आणि कार्प त्या खायला वर येतो. एरवी तळाशी तोंड खुपसणारा हा ठोंब्या मासा पाण्यावर तोंड काढून एकेक बी टिपतो, देवळातल्या म्हाताऱ्या माणसानं चणे खावेत तसा, सावकाश, चुळूक-चुळूक आवाज करत. आम्ही पांढऱ्या पिसांची खोटी म्हातारी करतो. ती तरंगत त्याच्याकडे जाते. तो येतो, मिशा लावतो, बघतो आणि बाजूची खरी बी खातो. दहातला एक फसतो. पण त्या एकासाठी मी ऑफिसातून आजारपणाच्या रजा घेतल्या आहेत, हे आता सांगायला हरकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पाचला निघायचं, नऊला परत. दुपारी ढग येतात, विजा कडाडतात, आणि हातात ग्राफाइटची लांब काठी घेऊन नदीत उभं राहणं म्हणजे यमाला मिस्ड कॉल देणं. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत चांगले. पाणी कमी, नितळ. मासे थंडीची तयारी म्हणून भरपूर खातात, क्रेफिश नावाच्या, आपल्या खेकड्या-झिंग्यांच्या मधल्या प्राण्याच्या मागे लागतात. पण पाणी नितळ म्हणजे तुम्हीही त्यांना दिसता. नोव्हेंबरपासून बहुतेक लोक काठ्या गुंडाळतात. शहराच्या खाली सांडपाणी शुद्ध करून सोडतात तिथे पाणी कोमट असतं, तिथे जानेवारीतही मासे मिळतात. मी एकदाच गेलो. वास सहन झाला नाही.

हिवाळ्यात मी घरी किडे बांधतो. छोट्या शिकंज्यात गळ पकडायचा आणि बांधत बसायचं. पिसं विकत आणतो. सोनेरी तारेसाठी बायकोच्या एका जुन्या, विरलेल्या पैठणीच्या काठातली जर काढली. परवानगीनं काढली, नोंद घ्यावी. दुकानातल्या किड्यांपेक्षा त्या जरीच्या किड्यावर मासे जास्त येतात असं माझं मत आहे. बायकोचं मत असं की मासे सोडून द्यायचेच असतील तर साडी तरी सोडायची होती.

आता त्या आवाजाबद्दल.

आठवी-नववीत आपल्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील कृष्णेत जाळं टाकायचे. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण त्यानंच तसं सांगितलंय. पण कृष्णामाईच्या घाटावर पोहायला यायचे त्या सगळ्यांना तो आठवेल. मला मासा बघायला त्यानं शिकवलं. मरळ कुठे बसते, वाम कुठल्या बिळात असते, ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं नाही कारण आपली सावली पाण्यात पडते, हे सगळं पोस्टमनच्या तीस वर्षं आधी त्यानं मला सांगितलं होतं. रविवारी आम्ही नदीवर एकत्र असायचो. सोमवारी शाळेत नाही.

तो पहाटे जाळी काढून थेट शाळेत यायचा. कपड्यांना वास यायचा. नववीत एका शिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर दाराजवळच्या बाकावर एकटं बसायला सांगितलं, 'हवा खेळती राहील' म्हणून. वर्ग हसला. ते शिक्षक आज हयात नाहीत, आणि मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. मी माझ्याबद्दल बोलतोय. तो बसायचा तो माझ्या शेजारचा बाक होता. त्यानं उठताना माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं, आणि तो गेल्यावर माझं दप्तर त्याच्या रिकाम्या जागेवर ठेवलं, म्हणजे परत कुणी बसवू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. आपण कुणी विचारलंही नाही, तो का येत नाही.

डबा घेऊन संगमावर बसायचो त्या अकरा दिवसांत मला हे रोज आठवत होतं. तरी त्याला भेटायला मी चौदा वर्षं लावली. गावी आलो की लग्नं, वास्तुशांती, दातांचा डॉक्टर. या मंगळवारी शेवटी गेलो.

तो आता तलाव मक्त्यानं घेतो. मत्स्यबीज सोडायचं, वाढवायचं, बाजारात घालायचं. कटला, रोहू, गवत्या, आणि आपला सायप्रिनस. दोन मुलगे हाताशी आहेत. मुलगी नर्स आहे. मला बघून म्हणाला, "लई टक्कल पडलं की रं." चहा झाला. मी मोबाइलवर त्याला आमचा व्हिडिओ दाखवला: मासा लागतो, पळतो, जाळीत येतो, मी सोडतो. तो शेवटपर्यंत नीट बघत राहिला आणि म्हणाला, "सोडायचाच हुता तर धरला कशाला?" मुलगे हसले. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी खिशातून जरीचा किडा काढून दिला. त्यानं तो हातावर घेतला, उलटापालटा केला, आणि नाकाशी नेला.

"ह्याला वासच न्हाई," तो म्हणाला. "मासा फसतोच कसा?"

मग मी त्या बाकाचं काढलं. जुळवून नेलेली वाक्यं होती, ती तिथे निघाली नाहीत. दप्तराचं मात्र सांगितलं. तो म्हणाला, "ते दप्तर मी बघितलं हुतं." थोडा वेळ किड्याशी खेळत राहिला. "शाळा मी त्यापायी नव्हती सोडली. बाऽचा हात मोडला हुता." मग पुन्हा म्हणाला, "पर दप्तर बघितलं हुतं."

मी त्याला आज बोलावलं. तो म्हणाला, बाजाराचा दिवस आहे, बघतो. मी सकाळपासून दाराकडे बघतोय. तो आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही, आणि न येण्याचा त्याला अधिकार आहे.

माझी संयोजकांना एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची यादी छापणार आहात. ती दहावीच्या निकालावरून केली आहे. त्यात बासष्ट नावं आहेत. आठवीच्या हजेरीपत्रकात किती होती ते शाळेच्या दफ्तरात बघा. जे दहावीपर्यंत पोचले नाहीत, ज्या मुलींची नववीत लग्नं झाली, त्यांचीही नावं घाला. त्याला मी विचारलं आहे. तो म्हणाला, भाषणात नको, यादीत घातलं तर चालंल.

आणि रविवारी सकाळी सहाला मी त्याच्याबरोबर नदीवर जाणार आहे. काठी आणली आहे, ती विमानात मोडली नाही. कुणाला यायचं असेल त्यांनी घाटाच्या पायऱ्यांपाशी यावं, आणि पांढरे कपडे घालू नयेत.

ता. क. : रविवारी चौघे आले. त्यांतल्या दोघांनी पांढरे शर्ट घातले होते, त्यांना त्यानं झाडामागे बसवलं. जरीच्या किड्याकडे दोन तासांत एकही मासा फिरकला नाही. त्यानं कणकेची गोळी लावली आणि दहा मिनिटांत दोन किलोचा सायप्रिनस काढला. मी त्याच्याकडे पाहिलं. "बघतोस काय," तो म्हणाला, "पिशवी धर."